मृगाचा पाऊस पडला की भोर-वेल्ह्यातले मासे डोंगराकडं का पळतात?

जूनचा दुसरा आठवडा. दिवसभर कोंदून राहिलेलं आभाळ संध्याकाळी एकदाचं फुटतं. ओढ्याला गढूळ पाणी येतं, भाताची खाचरं तुडुंब भरतात आणि बांधावरून पाणी खाली सांडायला लागतं. रात्री दहाच्या सुमारास भोर किंवा वेल्ह्यातल्या एखाद्या गावात जाऊन उभं राहा. शिवारात जिकडंतिकडं बॅटऱ्या लुकलुकताना दिसतील. बाहेरच्या माणसाला वाटेल, कुणाचं तरी जनावर हरवलंय.

जनावर हरवलेलं नसतं. गाव चढणीच्या माशांवर निघालेलं असतं.

हल्ली याचे रील येतात. गुडघाभर पाण्यात पोरं, डोक्याला टॉर्च, खाचरात फडफडणारा मासा आणि मागं दणदणीत गाणं. खाली कमेंट ठरलेल्या, "भावा लोकेशन पाठव". लोकेशन कळेल, पण रीलमध्ये एक गोष्ट कधीच कळत नाही. नदी, धरण सोडून मासा भाताच्या खाचरात करतोय काय?

तर त्याचं उत्तर असं की तो पोरं काढायला आलेला असतो.

उन्हाळाभर मासे नदीतल्या खोल डोहांत नाहीतर धरणाच्या पाण्यात दबा धरून असतात. मादीच्या पोटात अंडी तयार होत आलेली असतात, पण ती ती टाकत नाही. ती वाट बघते पावसाची. पहिला मोठा पाऊस झाला की पाणी एकदम गार होतं, गढूळ होतं, त्यात मातीचा वास उतरतो आणि प्रवाहाला जोर येतो. हा सगळा निरोप एकदमच मिळतो. मग मासे प्रवाहाच्या उलट दिशेनं, नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओघळीत आणि तिथून खाचरात घुसतात.

वरच का? कारण वरचं पाणी उथळ असतं, खळाळतं असतं, त्यात प्राणवायू भरपूर असतो. अंड्यांना तोच लागतो. भरलेल्या खाचरात पिलांसाठी बारीक किड्यामुंग्यांचं आणि शेवाळाचं ताट वाढलेलं असतं, आणि मोठे मासे तिथवर सहसा पोचत नाहीत. म्हणजे बाळंतिणीनं माहेरी जावं तसा हा प्रकार. पिलं थोडी मोठी झाली की पाण्याबरोबर पुन्हा खाली नदीत.

या वर चढण्याला चढण म्हणतात आणि म्हणून हे चढणीचे मासे. कोकणात याच गोष्टीला वलगण म्हणतात. ही वर्षातली मोजकी दिवसांची भानगड असते. मृगाचा पाऊस नीट लागला तर मृगात, नाहीतर आर्द्रेत. एकदा ओढ्याचं पाणी निवळलं की खेळ खलास.

वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण पावसाला त्याचं काही नाही. सह्याद्रीच्या धारेला लागून असलेला हा पट्टा आहे, इथं पाऊस कोसळतो आणि इथली शेती म्हणजे उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरं. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात, खालच्यातलं ओढ्यात, ओढ्यातलं नदीत. माशाच्या नजरेतून बघितलं तर डोंगरापर्यंत गेलेला जिनाच.

आज जी माणसं साठी-सत्तरीत आहेत, त्यांच्याकडं याच्या आठवणी विचारायला बसलात तर चहा गार होतो. तेव्हा बॅटरी नव्हती, कंदील होता. डोक्यावर इरलं किंवा घोंगडीची खोळ. बांधावरून जिथं पाणी खाली पडतं तिथं टोपली नाहीतर बांबूचा विणलेला सापळा लावायचा आणि गप बसून राहायचं. वर उडी मारायला गेलेला मासा चुकला की पडला टोपलीत. पोरासोरांना सापळ्याला हात लावायची परवानगी नसायची, त्यांचं काम कंदील धरणं आणि खेकडे शोधणं. पागजाळं टाकता येणारा माणूस गावात एखाददुसराच, त्यामुळं त्या चार दिवसांत त्याचा भाव वधारलेला. कातकरी वस्तीवरच्या माणसांना मात्र कुणी शिकवायची गरज नव्हती. कुठल्या दगडाखाली काय आहे हे त्यांना पाण्याकडं बघून समजायचं, आजही समजतं.

आणि मग घरी आल्यावरचा सोहळा. मध्यरात्री चूल पेटायची. मासे राखेत घोळून साफ करायचे म्हणजे हातातून निसटत नाहीत. लसूण, तिखट, चिंचेचा कोळ, सोबत तांदळाची भाकरी. उरलेले बारीक मासे चुलीवर धुरात सुकवून ठेवायचे, ते पुढं आवणीच्या दिवसांत कोरड्यासाला उपयोगी यायचे. जूनमध्ये घरातलं साठवणीचं संपत आलेलं असतं आणि नवं काही पिकलेलं नसतं. अशा वेळी ओढ्यातून दारात आलेला मासा ही चैन नव्हती, पोटाचा भाग होता. या आठवणींमध्ये एवढा जीव का आहे ते इथं कळतं.

त्या टोपलीत काय काय असायचं याची यादी जवळपास दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रजानं करून ठेवलीय. कर्नल विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारच्या चाकरीत आकडेवारी गोळा करायला म्हणून तो १८२४ ते १८३१ दख्खनभर फिरला. काम महसुलाचं आणि लोकसंख्येचं, पण गड्याला नाद पशुपक्ष्यांचा आणि माशांचा. भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे त्यानं कोळ्या-भोयांकडून मिळवले, त्यांची नावं विचारली आणि जी ऐकली तीच लॅटिनमध्ये चिकटवली.

म्हणून आज जगभरचे शास्त्रज्ञ या माशांना कोलस, अल्कूटी, शिंगटी, पांगूट असल्या नावांनी ओळखतात. आपल्या कोळस, अळकुट, शिंगटा यांचीच ही रूपं. पुणे जिल्ह्यातल्या नदीकाठी बोलली जाणारी मराठी अशी लंडनच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसलीय.

याच यादीतला सगळ्यात मानाचा मासा म्हणजे खुद्री. दख्खनचा महसीर. मोठ्या खवल्यांचा, दांडगा, वाहत्या पाण्यात राहणारा. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. साइक्सला तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला आणि १८३९ मध्ये त्याची नोंद छापून आली. आता मुठेला पाणी येतं कुठून, तर आंबी आणि मोसे या वेल्ह्याच्या डोंगरातून येणाऱ्या नद्यांतून. म्हणजे महसीराचं खानदान आपल्याच गावकीतलं.

मग आता आंबी-मोसेत महसीर किती दिसतो? क्वचित. आणि चढणीच्या टोपलीतही साइक्सच्या यादीतली नावं कमी होत चाललीत. झालं काय?

पहिलं कारण डोळ्यांसमोर आहे, इतकं मोठं की त्यावर आपण फोटो काढतो. भोरच्या वेळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पहिलं धरण झालं. त्यानंतर १९२८ मध्ये जास्त उंचीचं लॉईड धरण पूर्ण झालं, तेच आजचं भाटघर. साठा साडेतेवीस टीएमसी. पुढं आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, नीरेवर निरा देवघर, वेल्ह्यात गुंजवणी. या दोन तालुक्यांतली नावाजलेली एकही नदी मोकळी उरली नाही. पुण्याला प्यायला आणि खाली बारामती-फलटणपर्यंत उसाला पाणी मिळालं, ते खोटं नाही. पण मासा भिंत चढत नाही. परदेशात काही धरणांना माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवतात. आपल्याकडं गंगेवर फराक्क्याला हिलसा माशासाठी तशी सोय केली गेली, पण सह्याद्रीतल्या धरणांच्या वेळी असला विचार कुणी केला नाही.

भिंतीपेक्षाही एक बारीक गोष्ट जास्त मारक ठरते. जूनचा पहिला लोंढा हा माशांसाठीचा निरोप असतो हे वर आलंच. धरण झाल्यावर हा पहिला लोंढा सगळा धरणात साठतो, कारण ते भरायचं असतं. खालच्या नदीत पाणी सुटतं ते धरण भरल्यावर, म्हणजे जुलैच्या शेवटी नाहीतर ऑगस्टमध्ये. भाटघरच्या खालच्या माशाला मृग आलाय हे कुणी सांगतच नाही. निरोप येतो तोवर वेळ गेलेली असते.

धरणाच्या वरच्या अंगाला मात्र चढण अजून टिकून आहे. बॅकवॉटरमधले मासे डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांत चढतात. आपल्याला जे रील दिसतात ते बहुतेक याच गावांतले.

दुसरं कारण म्हणजे पाहुणे. साचलेल्या पाण्यात सरकारनं आणि सोसायट्यांनी कटला, रोहू, मृगळ सोडले. हे मूळचे गंगेकडचे, भराभर वाढतात. त्यांच्याबद्दल तक्रार करायची तर मासळी बाजारात उभं राहता येणार नाही. पण चिलापीचं तसं नाही. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. याची मादी अंडी आणि पिलं तोंडात सांभाळते. तिला ना पहिला पाऊस लागतो, ना खळाळतं पाणी, ना खाचर. साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा तिचा पाळणा हलतो. ज्या धरणानं चढणीच्या माशाचं घर मोडलं, त्याच धरणात चिलापीनं बंगला बांधला.

आणि तिसरं कारण म्हणजे आपण. हे बोलायला जरा अवघड आहे.

चढणीचा मासा पकडायला सोपा का असतो? कारण तो अंड्यांनी जड असतो, उथळ पाण्यात असतो आणि त्याचं लक्ष जीव वाचवण्याकडं नसतं. पोटातल्या गाबोळीला गावात खास मागणी. म्हणजे ज्या रात्रीची आपण वर्षभर वाट बघतो, त्या रात्री पुढच्या वर्षीचेच मासे आपण तव्यावर टाकत असतो. मग वाडवडिलांनी पकडले तेव्हा ते कसे संपले नाहीत? त्यांची टोपली लहान होती, एका बांधावर एक सापळा असायचा आणि बाजूच्या दहा वाटांनी मासा निसटायचा. नदीही धड होती. आता ओढ्याच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत मच्छरदाणी लावली की बोटाएवढं पिलूसुद्धा पुढं जात नाही. मरळीचं तर आणखी वाईट. नर-मादी पिलांच्या थव्याची राखण करत फिरतात, त्यामुळं ते हमखास सापडतात. जोडी उचलली की मागं राहिलेला थवा दिवसभरात दुसरे मासे फस्त करतात.

त्याच्या पुढचे प्रकार म्हणजे ब्लीचिंग पावडर, जिलेटीन आणि बॅटरीचा करंट. याला मासेमारी म्हणू नये. पाण्यात स्फोटकं आणि विष टाकून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, त्याची बातमी दरवर्षी होते. त्याच दिवसांत डोंगरातल्या ओढ्यावर काय चाललंय, तिथं विचारायला कुणी जात नाही.

महसीर वाचवायचा एक मोठा प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात झाला. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या धरणापाशी १९७० च्या दशकात महसीराची कृत्रिम पैदास सुरू झाली. इथली पिलं देशभर गेली. एकेकाळी धोक्यात असलेला खुद्री पुढं आंतरराष्ट्रीय लाल यादीत कमी चिंतेच्या गटात आला. पण गोष्टीला एक गाठ आहे. हीच जात कर्नाटकात कावेरीच्या पाण्यात सोडली गेली, आणि तिथला मूळचा कुबडवाला महसीर मागं रेटला गेला. हा तोच मासा, ज्याचा १२० पौंडांचा नग १९४६ मध्ये कबिनी नदीत गळाला लागला होता आणि ज्याचा विक्रम आजही सांगितला जातो. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्यामुळं मासे वाढवायचे म्हणजे कुठूनही आणून कुठंही सोडायचे असं होत नाही. ज्या नदीचा मासा, त्याच नदीत बरा.

दुसरा प्रयत्न कुणी प्रकल्प म्हणून केलेलाच नाही. वेल्ह्याचा घाटमाथा ओलांडून खाली रायगड जिल्ह्यात उतरलं की महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं. इथले मासे देवीचे, त्यांना धरायचं नाही, एवढाच नियम. चुरमुरे टाकले की हातभर महसीर पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात. ना कुंपण ना पहारेकरी. चारी बाजूला मासा कमी होत असताना या एका डोहात तो मुक्कामाला आहे, आणि पूर आला की त्यातलेच काही बाहेरही पडत असणार.

भोर-वेल्ह्यातल्या नादिष्ट माणसांसाठी अजून एक वाट आहे, ती म्हणजे गळ. चढणीच्या मासेमारीत नशीब आणि गर्दी असते, गळाला धीर लागतो. पाऊस सरला, दसरा झाला, पाणी निवळलं की नीरेच्या काठावर आजही काही माणसं सकाळी गांडूळं किंवा कणकेच्या गोळ्या घेऊन बसलेली दिसतात. तोवर माद्यांनी अंडी टाकलेली असतात, पिलं खाचरातून परत आलेली असतात. दोन तास बसून एक शिंगटा मिळाला तरी ती घरी जाऊन अर्धा तास सांगत बसतात. शिंगटा काढताना त्याचा काटा हमखास बोटात जातो, ते मात्र कुणी सांगत नाही.