घरातले आवाज (भाग 6) : नाव नसलेली फाइल

मागच्या दोन भागांत आपण कॅसेटमधला आवाज संगणकात उतरवला. आता स्क्रीनवर फाइली दिसतायत : ‘अनटायटल्ड 1’, ‘अनटायटल्ड 2’, ‘न्यू रेकॉर्डिंग 14’. बहुतेक घरांत काम इथेच थांबतं. सगळं ‘जुन्या कॅसेट’ नावाच्या फोल्डरमध्ये जातं आणि आवाज वाचला म्हणून आपण निश्चिंत होतो.

मीही झालो होतो. आईच्या माहेरच्या अकरा कॅसेटी उतरवल्या आणि रिकामी कव्हरं, त्यातल्या रेघांच्या कार्डांसकट, रद्दीत दिली. चार वर्षांनी फोल्डर उघडला. चौथ्या फाइलीत बाविसाव्या मिनिटाला जात्याची घरघर सुरू होते आणि दोन बायका ओव्या म्हणू लागतात. एक आवाज आजीचा. दुसरा कोणाचा, ते मला कळेना. आईनं पहिल्या ओळीतच सांगितलं असतं, पण तोवर आई राहिली नव्हती. कार्डावर बहुधा तिनंच निळ्या शाईनं नाव लिहिलेलं असणार. ती कार्डं मी किलोच्या भावानं दिली होती. हे मला अजून सलतं, म्हणून आजचा भाग नावापासून सुरू करतोय.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर आज त्यातल्या ओव्या ऐकायला मिळतात. तिथे गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. त्यामुळे ती ओवी ‘एक लोकगीत’ न राहता त्या बाईची राहते. आपल्या घरच्या अकरा कॅसेटींना एवढा मान द्यायला कसलीही संस्था लागत नाही. एक साधी मजकुराची फाइल पुरते.

कॅसेटच्या प्रत्येक बाजूसाठी एक ध्वनिफाइल आणि तिच्या शेजारी त्याच नावाची एक टिपण-फाइल ठेवा. ती नोटपॅडमध्येच लिहा, म्हणजे पन्नास वर्षांनंतरच्या संगणकालाही वाचता येईल. ध्वनिफाइलीच्या आतही माहिती भरता येते, पण एका प्रोग्रॅमनं लिहिलेली दुसऱ्याला दिसेलच असं नाही. वेव्ह फाइलींत तर हा घोळ फार. माझ्या चौथ्या कॅसेटचं टिपण आता असं आहे :

‘22:10 पासून ओव्या. पहिला आवाज आजी. दुसरा “आक्का”, खालच्या आळीतली. पूर्ण नाव माहीत नाही. ओळख धाकट्या मावशीनं फोनवर ऐकून पटवली. 31:40 ला दाराची कडी, मग आजोबा खोकतात. कॅसेटवर फक्त “ब” लिहिलंय.’

कोणी ओळखलं आणि कसं, हेही लिहायचं. उद्या कुणी वेगळं सांगितलं तर जुनं खोडू नका, खाली नवी ओळ घाला. कव्हराच्या कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून तोही त्याच फोल्डरमध्ये टाका.

फाइलीच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस : ‘1987-05-14_आजी_ओव्या_बाजू-अ’. असं केलं की संगणक आपोआप काळाच्या क्रमानं लावतो. तारीख ठाऊक नसेल तर ‘1987-अंदाजे’ लिहा. अंदाजाला खात्रीचे कपडे घालू नका.

ऑडॅसिटी वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : तिथे ‘सेव्ह’ केल्यावर प्रोजेक्ट साठतं, ते दुसऱ्या प्लेअरवर वाजत नाही. ध्वनिफाइल हवी तर ‘एक्स्पोर्ट’ करायचं, तेही वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये. 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिटला एक तास स्टिरिओ वेव्ह साधारण एक जीबी होतो. फ्लॅकमध्ये कणभरही आवाज न गमावता बराच कमी. माझ्या अकरा कॅसेटी मिळून पंधरा जीबीही भरल्या नाहीत, तेव्हा जागेसाठी आवाज कापू नका. एमपी3 मध्ये काही भाग कायमचा गळतो, म्हणून ती प्रत फक्त नातेवाइकांना पाठवायला. खरखर काढायची तीही प्रतीवर. मूळ फाइलीला हात लावायचा नाही. व्हॉट्सॅपवरचे आवाजी निरोप मात्र आले तसेच ठेवा. ते मुळातच दाबलेले असतात, त्यांचं वेव्ह करून गेलेलं परत येत नाही.

आता प्रती. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रूढ केलेला हिशोब सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरं ठिकाण म्हणजे दुसरं कपाट नव्हे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी घरांत शिरलं, तेव्हा कपाटं एकत्रच बुडाली. माझी एक प्रत नागपूरला बहिणीकडे असते. दिवाळीला ती येते तेव्हा डिस्कची अदलाबदल होते. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, पण वर्षानुवर्षं खणात पडून राहिला तर त्यातला विद्युतभार झिरपत जातो. आणि ‘सिंक’ होणाऱ्या क्लाउड फोल्डरला एकुलती एक जादा प्रत समजू नका. इथे चुकून फाइल पुसली की ती तिथूनही जाते. तिथली कचरापेटी फार दिवस थांबत नाही.

हार्ड डिस्क बिघडली तर निदान कळतं. एखादी फाइल आतून बिघडली तर काहीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी तीच बिघडलेली प्रत आपण चांगल्या प्रतीवर चढवतो. फ्लॅकचा इथे फार उपयोग होतो : मूळ ध्वनीची एमडी5 खूण फाइलीतच नोंदलेली असते, त्यामुळे प्रोग्रॅमला ‘तपास’ म्हटलं की आवाज जसाच्या तसा आहे का ते मिनिटभरात समजतं.

मी हा तपास पितृपंधरवड्यात करतो. फाइली तपासून झाल्या की चौथीतलं बाविसावं मिनिट लावतो आणि मावशीला फोन जोडून देतो. गेल्या वर्षी तिला आक्काच्या गावाचं नाव आठवलं. टिपणात एक ओळ वाढली.