जव्हार–मोखाड्यातील लोकनियुक्त शासन

जव्हार–मोखाड्यातील लोकनियुक्त शासन : एकाच केंद्रात एकवटलेली सत्ता जाऊन तिच्या जागी प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या संस्था येण्याची, जव्हार व मोखाडा या पालघर जिल्ह्यातील आदिवासी तालुक्यांत घडलेली प्रक्रिया. एकतंत्री वा एकपक्षीय राजवटीतून बाहेर पडणाऱ्या देशांत निवडणूक लवकर होते, परंतु निवडून आलेल्यांच्या हाती प्रत्यक्ष अधिकार येण्यास फार काळ लागतो, असा अनुभव आहे. सह्याद्रीच्या उतारावरील या लहानशा मुलखातही त्याहून निराळे घडले नाही.

जव्हार हे महादेव कोळी जमातीच्या मुकणे घराण्याचे संस्थान. घराण्याची परंपरा १३४३ पासून सांगितली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानाचे क्षेत्रफळ ३१० चौ. मैल (सु. ८०३ चौ. किमी.) व लोकसंख्या ४७,५३८ (१९०१) होती. साग व भात हे निर्यातीचे मुख्य जिन्नस. संस्थान इंग्रजांना खंडणी देत नसे. ठाण्याचा कलेक्टर पोलिटिकल एजंट म्हणून त्यावर देखरेख ठेवी. महसूल, न्याय व जंगलाचा बंदोबस्त या सर्वांचे मूळ राजाच्या अधिकारात होते. जव्हार गावी १९१८ मध्ये नगरपालिका स्थापन झाली, ही त्या काळच्या लहान संस्थानांच्या मानाने उल्लेखनीय गोष्ट होय. तथापि तिचे क्षेत्र गावापुरतेच राहिले आणि पाड्यांवरील वारली, कोकणा, ठाकूर, काथोडी रयतेचा तिच्याशी संबंध आला नाही.

शेजारच्या मोखाड्याची स्थिती वेगळी होती. हा पेटा ब्रिटिश मुलखात, ठाणे जिल्ह्यात मोडे. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानंतर डहाणू व शहापूर तालुके आणि उंबरगाव पेटा यांबरोबरच मोखाडा हे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरविण्यात आले. परिणामी प्रांतिक विधिमंडळाचा कायदा गव्हर्नरने अधिसूचना काढल्यावाचून तेथे लागू होत नसे. मताधिकारही मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला असल्याने १९३७ च्या निवडणुकीत डोंगरातील शेतकऱ्याचा वाटा नगण्यच असणार. एका बाजूस राजा, दुसऱ्या बाजूस गव्हर्नर, एवढाच काय तो फरक.

जव्हारचे अखेरचे अधिपती यशवंतराव मुकणे (१९१७–७८) यांच्या कारकीर्दीत १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले व १९४९ मध्ये ठाणे जिल्ह्याचा तालुका बनले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत मिळाले. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे. मतपत्रिकेवर खूण न करता ती हव्या त्या पेटीत टाकावयाची. अक्षरओळख नसलेल्या मतदारांसाठी योजलेली ही सोय या भागात विशेष उपयोगाची होती.

त्यानंतरची घटना लक्षात घेण्याजोगी आहे. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, वारल्यांच्या १९४५–४७ मधील लढ्याचे एक नेते शामराव परुळेकर कम्युनिस्ट पक्षातर्फे ठाण्यातून लोकसभेवर गेले. १९६२ मध्ये भिवंडीतून व १९६७ मध्ये डहाणूतून काँग्रेसतर्फे निवडून आले, ते जव्हारचे माजी अधिपती यशवंतराव मुकणे. राजा स्वतः आदिवासी असल्याने राखीव जागेची तरतूद त्यांच्या आड येणारी नव्हती. याचा अर्थ रयत जुन्या निष्ठेतच अडकली होती, असा सरसकट काढला जातो. तो पुरेसा नाही. राजाला मते मागण्यास पाड्यांपर्यंत यावे लागले, आणि त्याच डहाणूने १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम यांना निवडून दिले. तत्पूर्वी १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व विशेषाधिकार रद्द झाले होते.

स्थानिक पातळीवर खरा बदल १ मे १९६२ पासून झाला. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानुसार (१९६१) शेती, शिक्षण, आरोग्य, रस्ते ही कामे लोकनियुक्त संस्थांकडे आली. पंचायत समिती तालुक्यास होती. पण जिल्हा परिषद दूर ठाण्यास होती. पाड्यावरून निघालेल्या माणसाला एका अर्जासाठी दिवस मोडावा लागे, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडे. शाळा, दवाखाना व पूल यांचे निर्णय किनाऱ्यावरील व मुंबईलगतच्या दाट वस्तीच्या तालुक्यांच्या संख्याबळापुढे मागे पडत.

या व्यवस्थेतील उणीव १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे उघड झाली. कुपोषण व आजारांमुळे तेथील अनेक बालके दगावली आणि देशभर खळबळ उडाली. वावरला ग्रामपंचायत होती, तालुक्याला आमदार होता, चाळीस वर्षे निवडणुका होत होत्या. तरीही मुले मरत असल्याची वार्ता शासनास हलविण्याइतकी मोठी होईपर्यंत उपाय झाला नाही. पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय झाले. मोखाडा तालुक्यातील बालमृत्यू २०१६ मध्ये पुन्हा चर्चेत आले.

दोन्ही तालुके आज संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात आहेत. पूर्वी गव्हर्नरने लागू केल्याखेरीज कायदा येत नसे. आता राज्यपालाने वगळल्याखेरीज तो लागू असतो. २४ डिसेंबर १९९६ च्या केंद्रीय अधिनियमाने (पेसा) अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस गौण वनोपज, लाभार्थींची निवड व भूसंपादनापूर्वीचा विचारविनिमय यांबाबत अधिकार दिले आणि सरपंचपद अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवले. महाराष्ट्राचे नियम मात्र ४ मार्च २०१४ रोजी निघाले. सतरा वर्षांचा हा विलंब कोणत्याही समर्थनाने झाकता येत नाही. या नियमांमुळे पाड्यास स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी ५ टक्के रक्कम थेट ग्रामपंचायतींकडे जाऊ लागली. वनहक्क अधिनियमाने (२००६) दाव्यांची पहिली छाननी ग्रामसभेच्या समितीकडे सोपविली. संस्थानकाळी राजाच्या व विलीनीकरणानंतर वनखात्याच्या हाती असलेल्या जंगलाबाबत गावाने अधिकृतपणे काही ठरवावे, असा प्रसंग प्रथमच आला.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाला व त्याच्या जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. मोखाड्यास नगर पंचायत मिळाली. कागदावर अधिकार पाड्यापर्यंत पोहोचले आहेत; अडचण आहे ती माणसे पाड्यावर असण्याची. भातकापणी आटोपली की बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर वसई, भिवंडी, ठाण्याकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे २६ जानेवारी व १ मे या दिवशी भरणाऱ्या ग्रामसभांना म्हातारी माणसे व शाळेतील मुलेच अधिक दिसतात, तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला गाव हजर असते, पण तेव्हा आवणीची घाई असते.