रकाना कोण आखतो?

ग्रंथालयशास्त्र, माहितीशास्त्र आणि डिझाइन हे विषय विद्यापीठांतून बहुधा तंत्र म्हणून शिकविले जातात. पुस्तकाला क्रमांक कसा द्यावा, सूचीपत्रावर आधी काय लिहावे, अर्जाचे रकाने कसे आखावेत, हे विद्यार्थ्याने शिकावे, परीक्षा द्यावी आणि नोकरीला लागावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आपल्या समाजातील मुलेमुलीही या अभ्यासक्रमांना जातात. परंतु वर्गीकरण हे नुसते तंत्र नव्हे. ज्या देशात माणसांचीच प्रतवारी करून तिला धर्माचा आधार दिला गेला, त्या देशातील विद्यार्थ्याने तरी हा विषय डोळे उघडे ठेवून शिकला पाहिजे.

जगातील असंख्य ग्रंथालये ज्या पद्धतीने पुस्तके लावतात ती मेल्विल ड्यूई याची दशांश पद्धती १८७६ साली प्रसिद्ध झाली. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा भाग आणि त्यांचे पुन्हा दहा पोटभाग, अशी तिची रचना आहे. सोय मोठी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण २०० या धर्माच्या वर्गात काय आहे ते पाहा. बायबलला २२०, आणि २३० पासून २८० पर्यंतची घरे ख्रिस्ती धर्माला. उरलेल्या जगातील सगळे धर्म २९० या एका घरात! त्यातही भारतीय धर्म २९४ मध्ये, आणि बौद्ध धम्म २९४.३ मध्ये, दशांशचिन्हाच्या पलीकडे. ज्याने घरे आखली त्याने आपल्या माणसांना वाडा दिला आणि इतरांना एका खोलीत कोंबले. यात कुणाला शिवी दिलेली नाही, आणि म्हणूनच ते पटकन लक्षात येत नाही.

हा अन्याय पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत एक कृष्णवर्णीय स्त्री होती. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातील ग्रंथपाल डोरोथी पोर्टर यांच्या लक्षात आले, की निग्रो लेखकाचे पुस्तक म्हटले की गोरे ग्रंथपाल ते ३२६ म्हणजे गुलामगिरी, किंवा ३२५ म्हणजे वसाहत व स्थलांतर, या दोन क्रमांकांत टाकतात. मग ते पुस्तक कवितेचे का असेना. पोर्टर यांनी १९३० पासून पुढे आपल्या संग्रहात ही रीत मोडली. कवितासंग्रह कवितेत गेला, इतिहास इतिहासात गेला, आणि लेखक लेखक म्हणून उभा राहिला. ड्यूईच्या वंशद्वेषी वर्तनाची जाहीर दखल मात्र फार उशिरा घेतली गेली. अमेरिकन ग्रंथालय संघाने आपल्या पदकावरून त्याचे नाव काढले ते २०१९ साली.

आता हाच प्रश्न आपल्या दारात आणून पाहा. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. ते कुठे ठेवायचे? मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, आणि दलितांविषयीच्या समाजशास्त्रीय लेखनाचा ३०५.५६८८. पुस्तक एक, प्रत एक, जागाही एकच. समाजशास्त्रात ठेवले तर ते आपल्या दुःखाचा पुरावा ठरते आणि साहित्यात ठेवले तर कलाकृती ठरते. 'हे अनुभव आहेत, पण साहित्य आहे काय?' असे समीक्षक विचारीत होते. तोच प्रश्न ग्रंथपाल एकही शब्द न उच्चारता पाठीवर चिकटविलेल्या चिठ्ठीने सोडवून टाकतो. वाचक कपाटापाशी जातो, शेजारी कोणती पुस्तके आहेत ते पाहतो, आणि त्यावरून हातातल्या पुस्तकाबद्दलचे मत बनवितो.

यावर एक उपाय आपल्याच देशात शोधला गेला. गणिताचे अध्यापक असलेले एस. आर. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ साली त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. लंडनच्या एका दुकानात मुलांचा मेकॅनो पाहून त्यांना ही कल्पना सुचली. तयार घरात वस्तू कोंबण्याऐवजी विषयाचे पैलू सुटे करावेत आणि ते जोडून क्रमांक बांधावा. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ असे हे पाच पैलू. कपाटात जागा एकच राहिली, तरी विषयाला अनेक बाजू असतात हे या पद्धतीने मान्य केले. चातुर्वर्ण्य नेमके हेच मान्य करीत नाही. तिथे माणसाला जन्माबरोबर एकच क्रमांक मिळतो आणि तो मरेपर्यंत बदलत नाही.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर जो निबंध वाचला, त्यात वर्ग बंदिस्त होऊन जात कशी बनते याचीच उकल आहे. योगायोग असा, की ड्यूईने अमेरिकेतील पहिली ग्रंथालयशाळा १८८७ साली याच कोलंबियात काढली होती. आणि ज्या बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली तिथे गेले, त्या बडोद्यात सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी सुरू केली होती. ग्रंथालये उघडली. पण शिकून परतलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली त्याच शहरात राहायला घर मिळाले नाही. पुस्तकांची मांडणी सुधारली म्हणून माणसांची मांडणी आपोआप सुधारत नाही, हे यातून शिकायचे.

अर्जाचा रकाना तर याहून कठोर. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदूखेरीज अन्य धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही, अशी अट होती. १९५६ साली ती शिखांपुरती सैल झाली. त्याच वर्षी लाखो लोकांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. त्यांनी धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असे अभिमानाने लिहिले, की केंद्राच्या दृष्टीने जातीचा रकाना रिकामा होई. गावाने त्यांना ओळखणे सोडले नव्हते. फक्त कागदाने सोडले होते. ही चूक दुरुस्त व्हायला १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे दोन रकान्यांच्या मांडणीने माणसाला स्वाभिमान आणि हक्क यांपैकी एक निवडायला लावले.

म्हणून या अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या आपल्या तरुणांना सांगावेसे वाटते, की क्रमांक बिनचूक द्यायला शिका, कारण त्याशिवाय नोकरीही नाही आणि टीकेचा अधिकारही नाही. पण प्रत्येक तक्त्यापुढे तीन प्रश्न विचारा. हा कुणी आखला? यात कुणाला जागा नाही? आणि ज्याच्याविषयी हा रकाना आहे, त्याला कुणी विचारले होते काय? आपल्या वस्तीतील विहाराच्या कपाटात जी पुस्तके, नियतकालिके आणि जलशांच्या वह्या धूळ खात पडल्या आहेत, त्यांची सूची दुसरे कुणी करणार नाही. ती आपण केली नाही, तर उद्या कुणीतरी करील आणि आपल्याला पुन्हा एकदा त्याच्या सोयीच्या खोलीत ठेवील.