टॅब्लेटच्या बिनतारी वाटा

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा जो प्रयोग आरंभिला आणि ज्याचे अनुकरण पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनीही केले, त्याची कीर्ती २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराच्या रूपाने सोलापूर जिल्ह्यात परत आली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या चौकोनी चिन्हासमोर टॅब्लेट धरल्यावर जे चित्र वा जो पाठ विद्यार्थ्यापुढे प्रकट व्हायचा, तो सामान्यतः दूरच्या संगणकावरून हवेतून यावा लागतो, आणि हवेतील ही वाट नसेल तर चिन्ह व यंत्र दोन्ही मुकी राहतात. टॅब्लेट कोणता घ्यावा याची चर्चा घरोघरी होते. तो कोणत्या वाटेने जगाशी जोडला जाईल, हा प्रश्न मात्र खरेदीनंतर उद्भवतो, आणि माझ्या मते तो खरेदीपूर्वीच सोडविला पाहिजे.

या क्रमविपर्यासाची किंमत आपण एकदा मोजलेली आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ या नावाने विद्यार्थ्यांसाठी जो स्वस्त टॅब्लेट प्रसिद्ध झाला, तो सरकारला २,२७६ रुपयांना पडत होता आणि त्यामागील हेतू निःसंशय उदात्त होता. पण त्यात सिमकार्डाची सोय नव्हती, वायफाय हीच त्याची एकमेव वाट होती, आणि ज्यांच्यासाठी तो घडविला त्या विद्यार्थ्यांच्या घरी वा गावी त्या काळी वायफाय जवळजवळ नव्हतेच. पुढे राज्य शासनाच्या ‘महाज्योती’ संस्थेने प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब्लेट देताना दररोज सहा जीबी इंटरनेटचीही तरतूद केली. यंत्राबरोबर वाटेचाही खर्च मंजूर करणारी ही तरतूद मला खुद्द यंत्रापेक्षा मोलाची वाटते.

वाट निवडावयाची तर लहरींचा स्वभाव थोडा जाणून घेतला पाहिजे. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युच्चुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पोचवून घंटा वाजवून दाखविली. त्यांच्या प्रयोगांतील लहरी पाच मिलिमीटरपर्यंत आखूड होत्या. आजच्या फाइव्ह जीसाठी आपल्या देशात जे पट्टे लिलावात दिले गेले, त्यांपैकी ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, ३,३०० मेगाहर्ट्झची सुमारे नऊ सेंटिमीटर आणि २६ गिगाहर्ट्झची अवघी साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे बोसांच्या लहरींच्या जवळची, भरते. लांब लहर दूर जाते व भिंतीतून आत शिरते, पण तिच्या पट्ट्यात जागा अपुरी असते. आखूड लहरींच्या पट्ट्यात जागा विपुल, म्हणून त्या एका वेळी पुष्कळ माहिती वाहतात, परंतु भिंत, झाड वा माणूस आड आला की क्षीण होतात. सोलापूरच्या जुन्या पेठांतील जाड भिंतींच्या घरात, किंवा लहरींना परतवून लावणाऱ्या पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या मुलाला रस्त्यावर मिळणारा वेग घरात का मिळत नाही, याचे उत्तर पुष्कळसे यात आहे.

सिमकार्डाची वाट ही प्रवासाची वाट होय. १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह जी सेवेचा आपल्याकडे प्रारंभ झाला. एस.टी.त बसलेल्या विद्यार्थ्याला वा शिवारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हद्द ओलांडताना एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे अलगद सोपविण्याची जी करामत मोबाइलच्या जाळ्यात आहे, ती वायफायमध्ये तशी नाही. ई-सिम आल्याने टॅब्लेटला आता कार्डाची खाचही आवश्यक राहिलेली नाही. पण या वाटेची मर्यादा पाहावयाची असेल तर आषाढीला पंढरपूरला जावे. मनोरा समोर दिसत असतो, यंत्रावर रेघाही भरलेल्या असतात, तरी साधे छायाचित्र पुढे सरकत नाही. कारण मनोऱ्याची क्षमता त्याच्या कक्षेतील सर्वांत वाटली जाते आणि तेथे लक्षावधी वारकरी एकाच वेळी तिचे वाटेकरी झालेले असतात. अशा प्रसंगी कंपन्या वाहनांवरील तात्पुरते मनोरे उभारतात. सिग्नल असणे आणि त्यात जागा असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे जाहिरातींतून सहसा समजत नाही.

म्हणून ज्याला एका जागी बसून तासन्‌तास शिकावयाचे आहे, त्याच्यासाठी मला वायफायचीच वाट अधिक श्रेयस्कर वाटते. तिच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवाना लागत नाही आणि २०१८ सालापासून ५ गिगाहर्ट्झच्या विस्तृत पट्ट्यांतही ही मुभा मिळालेली आहे. सहाव्या पिढीच्या वायफायमध्ये एकच प्रवाह बारीक विभागून अनेक यंत्रांना एकदम देण्याची सोय असल्याने वर्गातील चाळीस टॅब्लेट एकमेकांची वाट अडवीत नाहीत. तथापि वायफाय हा शेवटच्या काही मीटरांचाच वाहक. उजनीच्या कालव्यात पाणी नसेल तर चारी कितीही नीट खोदली तरी शेत भिजत नाही, तशीच मागे प्रकाशतंतूंची केबल नसेल तर वायफायची गत होते. २०११ साली मंजूर झालेली आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेलेली योजना सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत अशीच केबल नेण्यासाठी आखली गेली. मात्र ग्रामपंचायतीच्या दप्तरापर्यंत आलेली केबल शाळेत आणि वस्तीवर नेणे हे काम निराळेच आहे.

केबल जेथे लवकर पोचणार नाही तेथे उपग्रह उपयोगी पडेल. जुने उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने प्रश्न पाठवून उत्तर यावयास अर्धा सेकंद जातो. स्टारलिंक कंपनीचे नवे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, म्हणून हा विलंब पुष्कळ कमी होतो. त्या कंपनीला जून २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला. या सेवेसाठी छपरावर तबकडी बसवावी लागते व तेथून टॅब्लेटपर्यंत पुन्हा वायफायच.

शेवटची वाट अशी बहुधा वायफायचीच असल्याने, ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेकडे आपल्या सोलापूर शहराने पुरेशा गांभीर्याने पाहिले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. या योजनेनुसार किराणा दुकानदार, चहावाला वा वाचनालय यांपैकी कोणीही परवाना न काढता व शुल्क न भरता सार्वजनिक वायफायचे केंद्र चालवू शकतो. केबलची जोडणी अशा छोट्या केंद्रांना महाग पडत असे. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) आदेश काढून, २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारणी त्यांच्याकडून करता येणार नाही, असे ठरविले. शहराजवळच्या कुंभारी येथील रे नगरात १९ जानेवारी २०२४ रोजी विडी कामगार, यंत्रमाग कामगार इत्यादी कष्टकऱ्यांना १५,००० घरे देण्यात आली. घरे इतकी दाट वसलेली असताना प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र जोडणी वा महागडा डेटा घेण्यापेक्षा गल्लीगल्लीतील दुकानांनी अशी केंद्रे चालविणे पुष्कळ स्वस्त पडेल. आणि शहरातील हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्थांनी अभ्यासिकेच्या टेबलांबरोबर ही सोय दिली, तर सिम नसलेला जुना टॅब्लेटही तेथे पूर्ण कामाचा ठरेल.