सात नंबरची खाट

वॉर्डातल्या मावशी फरशी पुसून बादली बाहेर ठेवतात, तेव्हा साडेआठ वाजलेले असतात आणि कर्नलसाहेब दारात उभे असतात. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनचे प्राध्यापक झाले. मामांपासून रेसिडेंटपर्यंत सगळे त्यांना अजून कर्नलसाहेबच म्हणतात. माझे वडील या वॉर्डात होते तेव्हा स्टुलावर बसून मी त्यांचा राउंड पाहिला होता. तो मनातून गेला नाही, म्हणून पुढे परवानगी काढून आठवडाभर विद्यार्थ्यांच्या मागे उभा राहिलो.

त्या सोमवारी सात नंबरच्या खाटेवर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा होता. एका विद्यार्थिनीने केस सांगायला घेतली. तीन आठवड्यांपासून संध्याकाळचा ताप, कोरडा खोकला, श्वास घेतला की उजव्या कुशीत कळ, वजन उतरलेलं. बोलता बोलता तिचा हात उशाजवळच्या एक्स-रेकडे गेला.

"तो राहू द्या, डॉक्टर. आधी माणूस बघू."

विद्यार्थ्यांना ते पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणतात. ते खाटेच्या उजव्या बाजूला गेले, तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि मुलाचं मनगट धरलं. पूर्ण एक मिनिट कोणी बोललं नाही. मला वाटलं नाडी मोजताहेत. नंतर कळलं, नाडी अर्ध्या मिनिटात मोजून झाली होती. उरलेल्या वेळात ते श्वास मोजत होते. आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो, म्हणून हात मनगटावरच ठेवायचा. श्वास अठ्ठावीस होते. विद्यार्थिनीच्या कागदावर अठरा लिहिलेले होते. ते रागावले नाहीत. "पुन्हा मोजा," एवढंच म्हणाले, आणि ती मोजेपर्यंत थांबले.

मग मुलाला बसवून त्याच्या पाठीवर त्यांनी डाव्या हाताचं मधलं बोट सपाट टेकवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर ठोका दिला. कोपर हलत नव्हतं, फक्त मनगट. वर पोकळ आवाज आला. दोन बोटं खाली, पुन्हा तसाच. आणखी खाली ठोका एकदम बसका झाला, भिंतीवर वाजवल्यासारखा. छातीत पाणी होतं. त्यांनी पेनाने पाठीवर रेघ मारली, एकेका विद्यार्थ्याला ती हद्द स्वतःच्या बोटाने शोधायला लावली आणि मगच एक्स-रे उजेडासमोर धरला. पांढऱ्या सावलीची कड जवळपास रेघेवरच होती. ही पद्धत व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगरने १७६१मध्ये छापून प्रसिद्ध केली; त्याचे वडील खानावळ चालवत. पिंपात दारू किती उरली हे ठोकून ओळखताना त्याने लहानपणी त्यांना पाहिलं होतं, असं सांगतात.

बोटांचं हे कसब इतर चांगल्या शिक्षकांकडेही असतं. कर्नलसाहेबांचं वेगळेपण पुढच्या प्रश्नात होतं.

"काम काय करतोस, बाळा?"

"ऊसतोड. भावाबरोबर कोयता हाय."

"टोळी किती जणांची? कोपीत झोपता किती जण? आणखी कोणाला खोकला? आणि पुढच्या महिन्यात टोळी कुठं असेल?"

विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले. शेवटचा प्रश्न कोणाच्याच कागदावर नव्हता.

दुपारी चहाच्या वेळी मी त्याबद्दल विचारलं, तेव्हा ते पलटणीबद्दल बोलू लागले. पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, एमबीबीएस, कॅप्टन म्हणून कमिशन, लखनौला प्राथमिक लष्करी प्रशिक्षण आणि मग थेट लडाखमध्ये एका पलटणीचे आरएमओ, म्हणजे पलटणीचे डॉक्टर. एमडी, स्पेशालिस्ट, शिकवणं हे सगळं पुढचं. ते त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. आरएमओच्या दिवसांवर मात्र तासभर बोलले.

"तिथं माझ्याकडे आठशे माणसं होती आणि त्यातली बहुतेक निरोगी. त्यांच्याबरोबर पळायचो, लंगरात जेवायचो, त्यांचे पाय तपासायचो. रोज पळण्यात पहिला येणारा जवान एके सकाळी चहाच्या रांगेत शेवटी उभा दिसला. विचारलं तर म्हणाला, काही नाही साहेब. थोडा खोकला होता. संध्याकाळपर्यंत छातीत बुडबुडे ऐकू यायला लागले. ऑक्सिजन लावून रात्रीच खाली उतरवला."

तो हॅपो होता, म्हणजे अतिउंचीवर फुप्फुसात पाणी भरण्याचा आजार. उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, पण सगळीकडे सारख्या नाही. जिथे कमी आवळतात तिथे रक्ताचा दाब वाढतो आणि पाणी फुप्फुसात झिरपतं. १९६२च्या युद्धात सखल भागातले जवान एकदम हिमालयात चढवले गेले आणि या आजाराची किंमत सैन्याला कळली. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी ११ ते १८ हजार फुटांवर पोचवलेल्या १,९२५ जवानांमधल्या पर्वतीय आजाराची निरीक्षणं १९६९मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडली. आज जवानाला ९ ते १२ हजार फुटांच्या टप्प्यावर सहा दिवस थांबवतात, त्यातले पहिले दोन विश्रांतीचे. त्यापुढच्या दोन टप्प्यांवर चार-चार दिवस.

लष्करी डॉक्टर म्हटलं की लोकांना शिस्त आठवते. मला ती दुय्यम वाटते. माणूस आजारी पडण्याआधी कसा होता आणि उद्या कुठे असेल, हे विचारण्याची सवय त्या नोकरीने त्यांना लावली. पलटण हलते, तसा जवान हलतो, आणि त्याचे वैद्यकीय कागदही त्याच्याबरोबर हलतात. उसाची टोळीही हलते. क्षयाचं औषध सहा महिने चालतं. टोळीचा मुक्काम त्याआधीच उठतो.

गुरुवारी तपासण्यांचे निकाल आले. क्षयच होता. औषधं सुरू झाली. त्या विद्यार्थिनीने मुलाच्या भावाला बोलावून घेतलं, दोघांकडून पुढच्या मुक्कामांची गावं लिहून घेतली आणि निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, कुठल्याही सरकारी दवाखान्यात दाखवला की औषध मिळतं, हे त्यांना दोनदा समजावलं. मग भावाच्या खोकल्यासाठी तिने थुंकी तपासणीची डबी मागवली.