चेतातंतूचे टोक, त्याचा लगाम आणि विंचवाचे विष



एकनाथांचे विंचवाचे भारूड तुम्हांला परिचित आहे. त्यात काम-क्रोधाचा विंचू चावतो आणि अंगाला घाम सुटतो. विंचू रूपकातला असला तरी घाम मात्र प्रत्यक्ष निरीक्षणातला आहे. लाल विंचवाचा गंभीर दंश झालेल्या माणसाला थोड्याच वेळात दरदरून घाम येतो, उलट्या होतात, लाळ सुटते आणि हातपाय गार पडतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सरपण काढताना, दगड उचलताना किंवा गंजीत हात घालताना हा 'इच्चू' कित्येकांना भेटलेला असतो. (वऱ्हाडीत शब्दारंभीच्या 'वि'चा 'इ' होतो. 'विचार'चे 'इचार', 'विहिरी'चे 'इहीर' होते, तसेच हे.) त्या घामाचे कारण शोधत गेलो की आपण चेतातंतूच्या शेवटच्या टोकाशी जाऊन पोचतो. मेंदूच्या कारभारातील एक महत्त्वाचा नियम तेथे पाहावयास मिळतो.

प्रथम संज्ञांविषयी थोडेसे. शालेय पाठ्यपुस्तकांत 'चेतापेशी', 'चेतासंस्था' हे शब्द येतात. मराठी विश्वकोशात याच अर्थाने 'तंत्रिका', 'तंत्रिका तंत्र' अशी नोंद आढळते. एकाच वस्तूला दोन प्रमाण नावे असणे ही आपल्या परिभाषेची जुनी अडचण आहे. विदर्भातील शाळेत शिकलेल्या वाचकाला 'चेता' अधिक ओळखीचा असल्याने येथे तोच शब्द वापरला आहे.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. बहुतेक ठिकाणी एका पेशीचे टोक दुसरीला प्रत्यक्ष चिकटलेले नसते. दोहोंमध्ये साधारण २० ते ४० नॅनोमीटरची फट असते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. चेतातंतूतून धावत आलेला विद्युत् स्पंद ही फट ओलांडू शकत नाही. म्हणून टोकापाशी निरोपाचे रूप बदलते. स्पंद पोचताच टोकाच्या आवरणातील कॅल्शियमची दारे उघडतात आणि बाहेरचे कॅल्शियम आत शिरते. आत सूक्ष्म पुटिका, म्हणजे रसायनाने भरलेल्या पिशव्या, सज्ज असतात. त्या आवरणाला भिडून फुटतात आणि त्यांतील रसायन फटीत सांडते. या रसायनाला चेतापारेषक म्हणतात. पलीकडच्या पेशीवर त्याला धरणारी प्रथिने असतात. त्यांना ग्राही असे नाव आहे. हा सारा व्यवहार एक-दोन सहस्रांश सेकंदांत आटोपतो.

रसायन पुटिका-पुटिकांनी, म्हणजे ठरावीक मापांनी, सुटते हे बर्नार्ड कात्झ यांनी दाखविले. १९७० चे नोबेल पारितोषिक त्यांना उल्फ फॉन ऑयलर व ज्यूलियस ॲक्सलरॉड यांच्यासह मिळाले. ऑयलर यांनी नॉरॲड्रेनलीन या पारेषकाची ओळख पटविली होती, तर सांडलेला पारेषक टोक पुन्हा शोषून घेते हे ॲक्सलरॉड यांनी सिद्ध केले होते.

आता मुख्य मुद्दा. स्पंद आला की पारेषक सुटलाच, असे यांत्रिक नाते येथे नाही. मेंदूतील अनेक टोकांशी कित्येक स्पंद येतात आणि काहीही न सुटता विरून जातात. किती सोडायचे याचे नियमन टोकापाशीच होते. ग्राही केवळ पलीकडच्या पेशीवर नसतात. पारेषक सोडणाऱ्या टोकावरही ते असतात. नॉरॲड्रेनलीन सोडणाऱ्या टोकावर आल्फा-२ नावाचे ग्राही आहेत. फटीतील नॉरॲड्रेनलीन वाढले की त्याचा काही अंश या ग्राहींवर बसतो. मग कॅल्शियमची दारे कमी उघडतात आणि पुढील स्पंदाला कमी रसायन सुटते. टोक आपलाच निरोप ऐकते आणि आवरते घेते. भाषेच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. बोलणारा माणूस स्वतःचे बोलणे सतत ऐकत असतो. त्याचाच आवाज त्याला सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशिरा ऐकवला, तर चांगला वक्ताही अडखळू लागतो.

लगाम लावणारे दुसरेही असतात. मेंदूत साचणारे ॲडिनोसिन अनेक टोकांना सावकाश करते. चहा-कॉफीतील कॅफीन त्याच्या ग्राहींची जागा अडविते, म्हणून तरतरी वाटते. आणखी विलक्षण प्रकार असा की काही ठिकाणी ऐकणारी पेशीच उलट दिशेने रसायन धाडते आणि बोलणाऱ्या टोकाला 'आता पुरे' असे कळविते. भांगेतील नशा आणणारे द्रव्य या परतीच्या निरोपाचीच नक्कल करते.

आता विंचवाकडे वळू. त्याचे विष मेंदूत फारसे पोचत नाही. त्याचा घाला शरीरभर पसरलेल्या चेतातंतूंवर असतो. पण टोकाची रचना आणि लगामाचा नियम दोन्हीकडे सारखाच आहे. स्पंद संपताना सोडियमची दारे मिटावी लागतात. विष ती मिटू देत नाही. त्यातील काही घटक पोटॅशियमची दारेही अडवितात. परिणामी स्पंद थांबतच नाहीत आणि टोके पारेषक ओतत राहतात. घर्मग्रंथींपाशी ॲसिटिलकोलीन सांडते, म्हणून घाम येतो. रक्तवाहिन्यांपाशी नॉरॲड्रेनलीन सांडते, त्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साचते. आल्फा-२ चा लगाम असतो, पण या लोंढ्यापुढे तो अपुरा पडतो.

आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास रायगड जिल्ह्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण तेथे डोळ्यांदेखत दगावत. दंशानंतरची लक्षणे त्यांनी बारकाईने नोंदवली आणि १९८२ मध्ये ती 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी प्राझोसिनच्या उपयोगाविषयी लिहिले. हे मुळात रक्तदाबावरचे औषध आहे. ते रक्तवाहिनीवरील, म्हणजे ऐकणाऱ्याकडील, आल्फा-१ ग्राही अडविते. टोकावरील आल्फा-२ ग्राहींना जवळजवळ धक्का लावीत नाही. फेन्टोलामाइनसारखी जुनी औषधे दोन्ही ग्राही अडवीत. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होत, पण टोकाचा लगामही सुटे आणि नॉरॲड्रेनलीन अधिकच सांडे. प्राझोसिनने आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या होतात आणि उरलासुरला लगाम शाबूत राहतो. बावस्करांच्या नोंदींनुसार गंभीर दंशांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी २५ ते ३० टक्के होते. या उपचारानंतर ते एका टक्क्याच्या आसपास आले. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर सावरतो असे दिसले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचे आत्मकथन अवश्य वाचावे.

हे औषध घरच्या घरी देण्याचे नव्हे. रक्तदाब एकदम उतरू शकतो. विंचू उतरविणाऱ्याकडे गेलेला रुग्ण पुष्कळदा बराही होतो, कारण बहुतेक दंशांत वेदनेपलीकडे काही घडत नाही. पण ज्याला घाम फुटला आहे, उलट्या होत आहेत आणि ज्याचे हातपाय गार पडले आहेत, त्याला विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

स्वाध्याय : तुमच्या बोलीत विंचू, त्याचा दंश आणि तो उतरविणे यांसंबंधी असलेले शब्द गोळा करा. त्यांपैकी कोणते शब्द शरीरावर दिसणाऱ्या लक्षणांवरून आले आहेत, ते दाखवा.