'आपलेच घर समजा' म्हणण्यापूर्वी

अंबाबाईचे दर्शन, जोतिबा, पन्हाळा अशा निमित्तांनी कोल्हापुरात येणाऱ्यांची रीघ वर्षभर असते. नवरात्रात आणि नाताळच्या सुट्टीत लॉज अपुरे पडतात, तेव्हा जुन्या पेठांतील कितीतरी घरे आपल्या माडीवरच्या खोल्या पाहुण्यांसाठी उघडतात. मुले नोकरी-व्यवसायासाठी बाहेरगावी गेलेली असतात, खोल्या रिकाम्या असतात आणि दुकानाचा गल्लाही पूर्वीसारखा भरत नाही. अशा वेळी घराचा एक भाग दोन-चार दिवसांसाठी भाड्याने देणे हा सरळ व्यवहार वाटतो. मात्र दुकान आणि घर यांच्यामध्ये एक उंबरा असतो. दुकानात ग्राहक उद्धटपणे वागला, तर संध्याकाळी दुकान बंद करून माणूस घरी येतो. घरातच उतरलेला ग्राहक तसा वागला, तर त्याने जायचे कोठे?

लक्ष्मीपुरीत धान्याचे दुकान असलेल्या एका जैन कुटुंबापुढे हा प्रश्न एका डिसेंबरच्या रात्री उभा राहिला. घरात शहात्तर वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा, सून, नातू, नातसून आणि दहा वर्षांची पणती. आजींचा चौविहार कित्येक वर्षांत चुकलेला नाही. माडीवरच्या दोन खोल्यांत चार तरुण पर्यटक दोन रात्रींसाठी उतरले होते. चहा देताना घरधन्यांनी नेहमीच्या आपुलकीने सांगितले, "संकोच करू नका, आपलंच घर समजा."

पाहुण्यांनी ते शब्दशः खरे मानले. रात्री त्यांनी खालून वाट्या, ताटल्या आणि पळी मागवली. पणतीने ती वर नेऊन दिली. थोड्या वेळाने जिन्यातून तांबड्या रश्श्याचा वास खाली उतरला. मटणाचे पार्सल घरच्या भांड्यांत वाढले गेले होते. नातसून विनंती करायला वर गेली, तेव्हा त्यांच्यापैकी एकजण आडवा पडूनच म्हणाला, "ए बाई, पैसे मोजलेत आम्ही. आधी चार चहा पाठव."

आजींनी काहीच म्हटले नाही. त्या उठून देवघरात जाऊन बसल्या. घरधन्यांचा मात्र संताप अनावर झाला. त्याच घडीला सामान रस्त्यावर काढायचे, असे म्हणत ते जिन्याकडे निघाले. त्यांना नातसुनेने अडवले. अपमान तिचा झाला होता, तरी तिने विचारले, "बाबा, आपल्या घरात हे चालत नाही, असं आपण त्यांना सांगितलं होतं का?"

घरात शांतता पसरली. कोणीही सांगितले नव्हते.

त्या रात्री घराने एका प्रसंगाची दोन खाती केली. घरच्या भांड्यांत मांसाहार वाढला गेला, हे पहिले खाते. त्यात पाहुण्यांचे अज्ञान होते आणि यजमानांचे मौनही तितकेच होते. तांबडा-पांढरा रस्सा ही ज्या शहराची ख्याती आहे, तेथे आलेल्या पाहुण्याने तो खोलीवर आणला, यात हेतुपुरस्सर अवमान नव्हता. घरातील स्त्रीला तुच्छतेने बोलणे हे दुसरे खाते. एखाद्या घराच्या चालीरीती ठाऊक नसणे क्षम्य असते. स्त्रीशी कसे बोलावे, हे कोणत्याही घरात नव्याने सांगावे लागत नाही.

सकाळी घरधनी वर गेले ते शांत मनाने. भोजनाविषयी त्यांनी प्रथम स्वतःची चूक मान्य केली आणि मग घराचा आचार समजावून सांगितला. तिघे जण ओशाळले आणि त्यांनी भांड्यांची किंमत देऊ केली. ती घरधन्यांनी घेतली नाही. चौथा मात्र रात्रीच्या बोलण्यावर हसला. तेव्हा घरधन्यांनी दुसऱ्या रात्रीचे भाडे मोजून त्यांच्यापुढे ठेवले, स्टेशनरोडवरच्या दोन लॉजचे पत्ते दिले आणि अकरापर्यंत खोल्या रिकाम्या करण्यास सांगितले. आवाज चढला नाही आणि निर्णयही बदलला नाही. आजींनी त्या दिवशी उपवास केला. तो कोणावर रागावून नव्हता, एवढेच त्यांनी सांगितले.

या प्रसंगातून व्यापारी कुटुंबांनी घ्यावे असे बरेच आहे. श्रावकाच्या शिक्षाव्रतांत अतिथिसंविभाग सांगितला आहे. तेथील अतिथी म्हणजे तिथी न ठरवता येणारा, संयमी, सुपात्र. त्याला द्यायचे ते दान असते. दिवस ठरवून आणि भाडे भरून येणारा माणूस हा आदरास पात्र असलेला ग्राहक आहे. या दोन नात्यांची गल्लत झाली, की यजमान नको ते सोसत राहतो आणि एके दिवशी एकदम भडकतो. पेढीवर कोणी उधारीच्या अटी सांगायला संकोचत नाही. त्याच स्पष्टपणाने घराच्या अटी सांगण्यात आतिथ्याला बाध येत नाही.

अटी थोड्या असाव्यात, लेखी असाव्यात आणि आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी पाहुण्याच्या हाती पडाव्यात. मांसाहार, मद्य व धूम्रपान यांविषयीचा नियम, स्वयंपाकघर व देवघर यांची मर्यादा, रात्री परतण्याची व शांततेची वेळ, बाहेरच्या व्यक्तींना आणण्याविषयीची अट, आणि नियम मोडल्यास किती पैसे परत मिळतील याचा हिशेब, एवढे एका पानात मावते. नियम घरातील वर्तनाला लावावा. माणसाच्या जातीला, धर्माला किंवा आडनावाला लावू नये. पाहुणा बाहेर काय जेवतो, याची चौकशी करणे हाही एक अनादरच आहे.

मुक्काम महिन्यांचा असेल, तर कागद अधिक पक्का हवा. घरमालक स्वतः राहतो त्या घराचा काही भाग परवान्याने ज्याला दिला जातो, अशा कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीची 'पेइंग गेस्ट' म्हणून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये स्वतंत्र व्याख्या आहे. याच कायद्याच्या कलम 55 नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी वाद झाल्यास राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुक्कामी परदेशी नागरिक असेल, तर 24 तासांत विहित नमुन्यात त्याची माहिती द्यावी लागते. केंद्र सरकारच्या 'अतुल्य भारत बेड अँड ब्रेकफास्ट' योजनेत घराची नोंदणी करता येते. त्यासाठी मालकाने त्याच घरात राहावे लागते आणि पाहुण्यांसाठी एक ते सहा खोल्या देता येतात.

राग आला म्हणून राहणाऱ्याचे पाणी किंवा वीज तोडणे, कुलूप बदलणे, सामान बाहेर फेकणे हे मार्ग धर्मालाही धरून नाहीत आणि कायद्यालाही. भाडेकरूची अत्यावश्यक सेवा विनाकारण तोडणे हा याच कायद्याखाली गुन्हा ठरतो. सांगूनही वर्तन सुधारत नसेल, तर दुसरी सूचना लेखी द्यावी, दिवस व वेळ टिपून ठेवावी आणि शक्य असेल तेव्हा दिवसा, घरातील आणखी एका व्यक्तीच्या उपस्थितीत बोलावे. धमकी, अंगावर येणे किंवा स्त्रियांशी असभ्य वर्तन घडले, तर दुसऱ्या सूचनेची वाट पाहू नये. थेट 112 वर फोन करावा. सहनशीलता हा गुण आहे, पण घरातील सुनेने किंवा मुलीने ती सोसायची आणि भाडे पुरुषांनी मोजून घ्यायचे, असा वाटा कोणत्याही घरात असू नये. खोली द्यायची की नाही, हे ठरवताना त्या खोलीची झाडलोट आणि चहापाणी जिच्यावर पडते, तिचे मत आधी घ्यावे.

लक्ष्मीपुरीतील त्या कुटुंबाने खोल्या देणे बंद केले नाही. आजींची इच्छा बंद करण्याची होती. तीन दिवस घरात त्यावर बोलणे चालले. शेवटी माडीवर पाहुण्यांसाठी वेगळी भांडी व पाण्याचा वेगळा माठ ठेवला गेला, जिन्याच्या तोंडाशी दार बसले आणि कोणाला खोली द्यायची हा निर्णय नातसुनेकडे आला. नियमांचा कागद तिनेच लिहिला. आजी अजूनही माडीवर जात नाहीत. मात्र नवे पाहुणे आले, की त्या चष्मा लावून तो कागद त्यांना मोठ्याने वाचून दाखवतात आणि शेवटी स्वतःचे एक वाक्य जोडतात, "एवढं सांभाळलंत, की मग आपलंच घर समजा."